हेमाच्या बाटल्या

"माझ्या पोरीची झाडं कुठं हाईत?"

दारात एक बाई उभी होती. नऊवारी लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण, काखेत कापडी पिशवी. पायांत काही नव्हतं. चपला तिनं खाली जिन्याशीच काढल्या होत्या. आमच्या प्रयोगशाळेत चपला काढूनच यायचं असतं, पण बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं. दर वेळी कुणावर तरी खेकसावं लागतं. हिच्यावर खेकसायची वेळ आली नाही. कुणीतरी तिला हे आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते कोण हे मला लगेच कळलं.

"तुम्ही हेमाच्या आई?"

"व्हय. आणि तू सुनेत्रा. चिपळूणची. लई भांडतीस."

माझ्या हातात तेव्हा हेमाचीच एक बाटली होती. ती मी टेबलावर ठेवली आणि त्यांना बसायला स्टूल दिलं. समाचाराला मी गेले नव्हते. आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. दिवाळीची सुट्टी म्हणून हेमा गावी गेली, काविळीचं निमित्त झालं आणि इकडे आली ती नुसती बातमी. आम्ही सगळ्यांनी मिळून एक मिनिट स्तब्ध उभं राहून घेतलं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागलो. शिकलेल्या माणसांचं असंच असतं.

"मावशी, पाणी देऊ?"

"पानी नगं. झाडं दाव."

हेमा आणि मी पुण्यात एकाच मॅडमांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. ती जोतिबाच्या डोंगराखालच्या वाडीतली. तिची आई देवळाच्या पायऱ्यांशी बसून दवणा विकायची. जोतिबाला दवणा लागतोच. गुलाल, खोबरं आणि दवणा. हेमा लहानपणापासून आईशेजारी बसून जुड्या बांधायची. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये ती म्हणाली, "मी चहा घेतो," आणि मी फस्सकन हसले. कोल्हापूरकडे बायकासुद्धा 'येतो, जातो' म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "तू घेते म्हण. कप तेवढाच मिळणार हाय." तेव्हापासून आमचं भांडण जे सुरू झालं ते अखेरपर्यंत टिकलं, आणि त्या इमारतीत मला तिच्याइतकं जवळचं दुसरं कुणी नव्हतं.

तिचा विषय दवणाच. "माझ्या आईचा दवणा दुपारी बाराला मरतो," असं ती सांगायची. सकाळी ताजी जुडी घमघमते, उन्हं चढली की पानं माना टाकतात, वास उडून जातो आणि उरलेला माल टाकून द्यावा लागतो. तिला उडून न जाणारा वास हवा होता. त्यासाठी दवण्याच्या पानाचा तुकडा घ्यायचा, मातीतल्या एका जिवाणूच्या हातून त्यात नवा जीन घालायचा, मग त्या तुकड्याला बाटलीतल्या जेलीसारख्या अन्नावर ठेवायचं. तुकडा फुगून त्याचा गोळा होतो, गोळ्याला कोंब येतात आणि नशीब असेल तर कोंबाचं रोप होतं. हे लिहायला सोपं आहे. यात बुरशी लागते, गोळे काळे पडतात, कोंब येता येता माघारी जातात. हेमानं ते सगळं सोसलं आणि रोपं उभी केली.

आणि तिच्या रोपांना वास नव्हता.

जास्त नाही, कमी नाही, मुळीच नव्हता. पान चुरगळून नाकाशी धरलं तर गवताचा वास यायचा. साध्या दवण्याचं पान चिमटीत धरलं तरी बोटं दिवसभर दरवळतात, आणि हिचा हा सुधारलेला दवणा नुसता पालापाचोळा. वास मोजायच्या यंत्रातूनही सपाट रेघ आली. पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा सपाट. गावी जायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसून म्हणाली होती, "सुने, देवाच्या दवण्याचा मी वास काढून घेतला बघ. आता कुठल्या तोंडानं डोंगर चढू?" मी म्हटलं, "चढ चढ, जोतिबा कुणाचे प्रबंध वाचत नाही." ती हसली. पुढं तिला भेटणं झालं नाही.

"ही बघा," मी म्हटलं आणि मावशींना कल्चर रूमच्या काचेपाशी नेलं.

आत पांढऱ्या दिव्यांखाली फडताळांवर बाटल्या मांडलेल्या होत्या. खालच्या दोन फळ्या हेमाच्या. बोटभर उंचीची, कातरलेल्या पानांची, राखाडी हिरवी रोपं. ती गेल्यापासून मीच त्यांचं बघत होते. बाटलीतल्या रोपाचं खालचं अन्न संपतं, मग त्याचा शेंडा कापून नव्या बाटलीत लावावा लागतो. असं करत गेलं तर ते मरत नाही. मी फार मायेनं वगैरे करत होते असं नाही. माझ्या बाटल्या बदलताना तिच्याही बदलायच्या, इतकंच. लोक म्हणायचे, कशाला वेळ घालवतेस, वास नसलेला दवणा कुणाला हवाय? मी म्हणायचे, मला हवाय.

मावशी काचेला कपाळ टेकवून बघत राहिल्या.

"त्या चिठ्ठ्यांवर काय लिव्हलंय?"

मला हसू आलं आणि रडूही. "नावं लिहिलीयत. मॅडम म्हणायच्या नंबर घाल, पण तिनं नावं घातली. ती चंपी, तिच्यापलीकडे गौळण, मग तांबडी. आणि ती कोपऱ्यातली सुंद्री."

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. "ह्या आमच्या म्हशी."

मग त्यांनी पदरानं काच पुसली. काच स्वच्छच होती.

"एक दे," त्या म्हणाल्या. "सुंद्री दे. मी दुसरं काय मागत न्हाई. तिच्या हातचं जितं काय तर एक घरात असावं. तिचं कपडं हाईत, बुकं हाईत, ती काय वाढत न्हाईत. अंगणात लावीन. वास न्हाई ते मला ठावं हाय, तिनं फोनवर सांगितलंया. वासाचा दवणा मी जनमभर इकला. मला बिनवासाचा पायजे."

त्या नेमक्या त्याच दिवशी आल्या होत्या, याला काय म्हणावं? हेमाची बाटली माझ्या हातात होती ती काही नव्या बाटलीत हलवायला नव्हती. अशा रोपांवर काम करायला सरकारची परवानगी लागते, आणि परवानगीची मुदत संपली होती. वाढवून मागितली, तर वरून उत्तर आलं, ज्यातून काही निघालं नाही ते पुढे कशाला चालवता? म्हणजे बाटल्या नष्ट करायच्या. जीन बदललेलं रोप प्रयोगशाळेबाहेर जिवंत जाता कामा नये, एक पानसुद्धा नाही. ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं, वाफेच्या दाबाखाली शिजवायचं आणि मग फेकायचं. हे काम मॅडमनी मला सांगितलं होतं आणि मी आठवडाभर आज करू, उद्या करू म्हणत ते पुढे ढकललं होतं. त्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, आज झालंच पाहिजे.

मी मावशींना हे सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात आठल्ये मॅडम आत आल्या.

मॅडम वाईट नव्हत्या. उंच, सडसडीत, केसाचा घट्ट अंबाडा, आणि नियमाला इतक्या पक्क्या की स्वतःच्या उशिरा येण्याचीही वहीत नोंद करायच्या. हेमा त्यांची लाडकी होती. त्यांनी तसं कधी दाखवलं नाही, पण तिच्या म्हशींची नावं त्यांनी पुसायला लावली नव्हती, यातच काय ते आलं. मी ओळख करून दिली. मॅडमनी मावशींचे दोन्ही हात हातात घेतले. मग मावशींनी मागणं मागितलं आणि मॅडमनी ते हात हळूच सोडले.

"नाही देता येणार, हेमाच्या आई."

"एकच, बाई. कुनाला कळनार हाय?"

"कळण्याचा प्रश्न नाही. तुमच्या डोंगरावर सगळीकडे दवणा लावतात. हे रोप अंगणात फुललं, याचा परागकण शेजारच्या वाफ्यात गेला, आणि उद्या तिथल्या दवण्याचा वास गेला तर? हेमानं स्वतः सही करून दिलंय की एकही रोप बाहेर जाणार नाही."

"मग बाटलीतच ठिवीन. भाईर काढनारच न्हाई."

"बाटलीत ते आपोआप जगत नाही हो. सुनेत्रानं जगवलंय." मॅडमचा आवाज बदलला होता. "मी तुम्हाला साधा दवणा देते. बागेत तिनंच लावलेला आहे."

"साधा दवणा," मावशी म्हणाल्या, "मला साधा दवणा देताय व्हय!" आणि त्या हसल्या.

मावशींनी पुन्हा एकदा काचेतून आत पाहिलं. मग मावशींनी विचारलं, "मग तुमी काय करनार त्यांचं?"

मॅडमनी सांगितलं. लपवलं नाही. मावशींनी ऐकून घेतलं.

"म्हंजे जाळनार."

"वाफेनं. हो."

"कवा?"

"आज."

मावशी उभ्या राहिल्या. मला वाटलं निघाल्या. पण त्यांनी पिशवी स्टुलावर ठेवली आणि पदर कमरेला खोचला.

"मग मी घालतो आत."

"मावशी, अहो..."

"तिरडी उचलली तवा मला दारातच धरलं. बायकांनी मसनवाट्यात जायाचं न्हाई. पुतण्यानं अग्नी दिला. सा वर्साचा होता तवा त्येला हेमा खांद्यावर घिऊन हिंडायची, त्येनं दिला. मी ऊर बडवत उंबऱ्यावर बसलो." त्या मॅडमकडे बघून बोलत होत्या, पण आवाज अजिबात चढला नव्हता. "हितं तसलं काय न्हाई नव्हं? हितं बायका चालत्यात?"

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"चालतात," त्या म्हणाल्या.

मग त्या खोलीच्या कोपऱ्यात गेल्या. तिथल्या खिळ्यावर हेमाचा पांढरा ॲप्रन अजून लटकत होता. खिशावर शाईचा डाग पडलेला. तो त्यांनी काढला आणि मावशींच्या अंगावर लुगड्यावरूनच चढवला, बटणंही त्यांनीच लावली. हेमा आडव्या बांध्याची होती, आईलाही तो बरोबर बसला. एवढं करून मॅडम किल्ल्या आणायला म्हणून बाहेर गेल्या, आणि बराच वेळ आल्या नाहीत. किल्ल्या टेबलावरच होत्या.

तेवढ्या वेळात मी एक गोष्ट केली. विचार करून केली असं म्हणवत नाही. मावशींना मी कल्चर रूममधून बाटल्या जाळीच्या टोपलीत भरायला लावलं, आणि त्या पाठमोऱ्या असताना सुंद्रीची बाटली त्यांच्या कापडी पिशवीत सरकवली. वर त्यांचा टॉवेल टाकला. परागकण, सही, नियम सगळं मला पाठ होतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की ही बाई रिकाम्या हातानं डोंगर चढणार.

टोपली भरली. ऑटोक्लेव्हची खोली शेजारीच. आम्ही त्याला कुकर म्हणायचो आणि तो होताही तसाच, फक्त माणसाच्या कमरेएवढा उंच आणि झाकणाला आवळायचे स्क्रू असलेला. मी झाकण उघडलं. मावशी म्हणाल्या, "थांब," आणि पिशवीकडे गेल्या. त्यांना पिशवीतून कागदाची पुडी काढायची होती.

पुडी निघाली आणि तिच्यामागून बाटलीही निघाली.

त्यांनी बाटली डोळ्यांसमोर धरली. चिठ्ठी वाचता येत नव्हती, पण कोपऱ्यातल्या बाटलीवरच्या अक्षरांचं वळण त्यांनी मघाशी बघून ठेवलं होतं.

"सुंद्री," त्या म्हणाल्या.

मी दाराकडे पाहिलं. मॅडम आल्या नव्हत्या. "न्या, मावशी," मी कुजबुजले. "पिशवीत ठेवा. मी सांगते तुम्हाला कशी सांभाळायची ते. महिन्यातून एकदा मी येईन तिकडे."

त्यांनी बाटली छातीशी धरली. खूप वेळ धरली. मला वाटलं, ठेवतील. मला अजूनही कधी कधी स्वप्न पडतं ते तिथंच थांबतं.

"ती फोनवर सांगायची," मावशी म्हणाल्या, "आई, ह्यातलं एक पान जरी भाईर गेलं तर आमच्या मॅडमची मान जाईल. लई इस्वास टाकलाय माझ्यावर. असं म्हनायची." त्यांनी बाटलीवरून अंगठा फिरवला. "वास न्हाई आला त्याचं तिला वाईट वाटलं. पर कुनी तिला चोर न्हाई म्हनलं. आता मेल्यावर मी कशाला म्हनवू?"

आणि त्यांनी ती बाटली टोपलीत बाकीच्यांमध्ये ठेवली.

पुडीत गुलाल होता. जोतिबाचा गुलाल. त्यांनी एकेका बाटलीच्या झाकणाला बोटानं गुलाल लावला; चंपीला लावला, गौळणीला, तांबडीला, सगळ्यांना. तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. मॅडम तेव्हा दारात येऊन उभ्या होत्या. निर्जंतुक खोलीच्या इतक्या जवळ गुलाल, एरवी त्यांनी इमारत डोक्यावर घेतली असती. टोपलीची एक कडी मी धरली, दुसरी मावशींनी, आणि आम्ही ती आत सोडली. झाकण मी लावलं, स्क्रू मावशींनी आवळले. त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त जोर होता.

मग आम्ही तिघी त्या खोलीत बसून राहिलो. दाबाचा काटा चढला. मॅडमनी मावशींना हेमाच्या गोष्टी सांगितल्या, मला ठाऊक नसलेल्या. एकदा ती मॅडमच्या घरी गेली आणि त्यांच्या सासूबाईंना तिनं भाकरी थापून दाखवली. मावशी म्हणाल्या, "तिला भाकरी धड येत नव्हती." मॅडम म्हणाल्या, "हो, नकाशेच होते." आणि मावशी तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं रडणं. मॅडमनी त्यांना जवळ घेतलं. मी काट्याकडे बघत बसले.

काटा उतरला. वाफ सोडली. मी हातमोजे घालून झाकणाचे स्क्रू सैल केले आणि झाकण वर उचललं.

आधी नेहमीचा गरम, ओला भपकारा आला. शिजलेल्या जेलीचा, साखरेचा. आणि त्याच्यामागून वास आला.

आला म्हणजे खोलीत मावेना. दवणा. पण एरवीच्या दवण्यासारखा तो नाकात टोचून निघून गेला नाही. गोड, गडद, पिकलेल्या फळासारखा काहीतरी, आणि खाली तोच ओळखीचा डोंगरावरचा वास. दारातून बाहेर गेला, कॉरिडॉरमध्ये गेला. कुणाचा तरी आवाज आला, "अरे, दवणा कुणी आणला?"

मी वेड्यासारखी मावशींकडे वळले. "तुम्ही पिशवीत दवणा आणलाय?"

"पोर गेल्यापास्नं मी दवण्याला हात लावला न्हाई," मावशी म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. नाकपुड्या फुलल्या होत्या. चैत्राची यात्रा तोंडावर होती आणि त्या वर्षी त्या पायऱ्यांशी बसल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. "ह्यो आमच्याकडचा न्हाई. मी जनमभर दवणा हुंगलाय. असला कुठं न्हाई."

मॅडम भिंतीला टेकल्या होत्या.

"साखर," त्या म्हणाल्या. "अगं सुनेत्रा, साखर!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. मला की मावशींना, की स्वतःलाच, कोण जाणे. वास होता. पहिल्यापासून होता. पानानं तो तयार केला आणि लगेच साखरेच्या कणाशी बांधून आत ठेवून दिला. बांधलेला वास उडत नाही. उडत नाही म्हणून नाकाला कळत नाही, आणि आमच्या यंत्रालाही फक्त उडणाराच कळतो. पान चुरगळून ती गाठ सुटत नव्हती. वाफेच्या दाबानं सुटली. आम्ही इतकी शिकलेली माणसं, रोज पानं हुंगत बसलो, पान शिजवून बघावं हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

"उडून न जाणारा हवा होता ना तिला?" मॅडम म्हणाल्या. "तिनं केला होता. पोरीनं केला होता गं."

आणि मग त्या धावल्या. खरोखर धावल्या, अंबाडा सुटला तरी. कल्चर रूमच्या त्या दोन फळ्या, खालचं कपाट, लॅमिनार म्हणतात त्या निर्जंतुक हवेच्या पेटीतली जागा, कचऱ्याचा डबा. "एखादी राहिली असेल. सुनेत्रा, एखादी तरी? गोळ्यांच्या बश्या? काही? आणखी थोडे दिवस मागून घेईन मी, पाया पडेन कुणाच्याही. एकच पुरे!"

मी नीट काम करणारी मुलगी होते. गोळ्यांच्या बश्या मी सकाळच्याच फेरीत शिजवून टाकल्या होत्या, तेव्हा झाकणं घट्ट चिकटपट्टीनं बंद होती आणि शेंडे कापून उरलेल्या जुन्या बाटल्यांप्रमाणेच ती न उघडता पिशवी बांधून जाळायला पाठवली होती. मी मान हलवली.

मॅडमनी मावशींकडे पाहिलं. का पाहिलं ते मला ठाऊक नाही. आईच्या पिशवीत काहीतरी असावं अशी त्यांना आशा वाटली असेल. ज्यांनी एक पान देता येणार नाही म्हटलं होतं त्यांनाच आता वाटत होतं, की या बाईनं चोरी केलेली असावी.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे.

"न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "समदी मीच घातली. माझ्या हातानं."

मॅडम स्टुलावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या.

मावशी टोपलीपाशी गेल्या. बाटल्यांत आता रोपं नव्हती. तपकिरी पाण्यात लगदा होता. झाकणांवरचा गुलाल वाफेनं ओघळून काचेवर उतरला होता. त्यांनी एका बाटलीचं झाकण उघडून हुंगलं आणि डोळे मिटून घेतले.

"बाई," त्या म्हणाल्या, "आता ही मेली न्हवं?"

मॅडमनी मान डोलावली.

"मग आता न्यायला चालंल?"

नियम जिवंत रोपाचा होता. मेलेल्याला कुणाचीच बंदी नव्हती. मॅडमनी स्वतःचा जेवणाचा डबा धुऊन आणला, आणि आम्ही तिघींनी मिळून एकेक बाटली त्यात ओतली. मावशींनी काहीही सांडू दिलं नाही. शेवटी बोटानं काचा निपटल्या. त्यांच्याकडे रक्षा अशीच गोळा करतात, आणि शेतात झाड लावून त्याच्या बुडाशी घालतात.

मॅडमनी पुढे पुष्कळ वर्षं पुन्हा तेच करून पाहिलं. तोच जीन, तोच जिवाणू, तोच दवणा. पण जीन पानात कुठं जाऊन बसेल ते आपल्या हातात नसतं. रोपं झाली आणि त्यांना साधा, उडून जाणारा वास आला. हेमाच्या त्या बाटल्यांपैकी वास नक्की कुणाचा होता, तेही कळलं नाही. सगळ्या एकत्रच शिजल्या होत्या. कुठल्या म्हशीनं दूध दिलं ते कळायच्या आत गोठाच रिकामा झाला. मॅडम निवृत्त झाल्या, आता थकल्यात. मी भेटायला गेले की अजून विचारतात, एकही राहिली नव्हती ना गं? मी नाही म्हणते.

त्या संध्याकाळी मावशींना मी स्वारगेटला एसटीत बसवून दिलं. डबा त्यांनी मांडीवर धरला होता. गाडी सुटायला अवकाश होता. मी खिडकीशी उभी होते आणि मला राहवलं नाही.

"मावशी, ती सुंद्री तुम्ही ठेवली असती तर..."

"तर काय?" त्या म्हणाल्या. "अंगनात लावली असती, रोज पानी घातलं असतं आणि बिनवासाच्या झाडापाशी बसून रडलो असतो. पोरीला जमलं न्हाई म्हनून. मरंपातूर तसंच म्हनलो असतो." त्यांनी डब्यावर हात ठेवला. "आता कळलं तरी."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही.

डब्याचं झाकण काही फारसं घट्ट नव्हतं. गाडीत माणसं भरत होती आणि जो तो चढला की मान वळवून हुंगत होता. कंडक्टर तिकिटं फाडत मावशींपाशी आला, थांबला आणि त्यानं मोठा श्वास घेतला.

"वा! काय दवणा हाय, मावशी. जोतिबाचा का?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "माझ्या हेमाचा."

गाडी हलली. मी स्टँडवर उभी राहिले, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ तिथं तो वास येत होता.